काळ्या मातीवर भार टाकण्याआधी: नवख्या साइट इंजिनिअरसाठी क्रिटिकल स्टेटची वाट

मे महिन्यात कुदळ उडवून लावणारं वावर ऑगस्टात गुडघाभर रुततं, हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. पण तीच माती बांधात, कॅनॉलच्या उतारात किंवा पांदण रस्त्याच्या भरावात गेली की आपण तिला 'सी' (चिकटपणा) आणि 'फाय' (घर्षणाचा कोन) या दोन आकड्यांत कोंबतो आणि बाराही महिने तेच आकडे वापरतो. डिप्लोमा किंवा बी.ई. करून गावाकडच्या कामावर रुजू होणाऱ्या पोरांच्या हातात हाच दोन आकड्यांचा रिपोर्ट पडतो. कॉलेजात क्रिटिकल स्टेटचं प्रकरण असतं, पण बहुतेकांनी ते ऑप्शनला टाकलेलं असतं. मीही ते साइटवर, तुकड्या-तुकड्यानं आणि उलट्या क्रमानं शिकलो. इथे ते सरळ क्रमानं मांडतो.

सिद्धांत एका वाक्यात असा: माती सैल असो की घट्ट, तिला कातरत नेलं की शेवटी ती अशा अवस्थेला पोचते, जिथे आकार बदलत राहतो पण ताण, दाब आणि घनफळ यांतलं काहीच बदलत नाही. ही अवस्था म्हणजे क्रिटिकल स्टेट. बाकी सगळं आपली माती तिथे कुठल्या बाजूनं पोचते, यावर आहे.

१. सामान आणि कागद आधी गोळा करा

- आयएस २७२० चे भाग ३ (विशिष्ट गुरुत्व), ५ (द्रवसीमा, म्हणजे माती वाहू लागते तो ओलावा, आणि प्लास्टिक सीमा, म्हणजे वळताना चुरा होऊ लागतो तो ओलावा), १२ (पोअर प्रेशर, म्हणजे पोकळीतल्या पाण्याचा दाब, मोजून केलेली ट्रायॲक्सियल, म्हणजे नमुन्याला चहूबाजूंनी दाबून वरून भार देणारी चाचणी), १५ (कन्सॉलिडेशन, म्हणजे भाराखाली पाणी निघून माती दबणं) आणि ४० (फ्री स्वेल).
- जागेचा बोअर लॉग. नसेल तर शेजारच्या विहिरीचा कापलेला काठ बघा. काळी किती फूट, पिवळी किती, मुरूम कुठे लागतो, सगळं दिसतं.
- त्या विहिरीची पाणीपातळी, पोळ्याच्या सुमाराची आणि उन्हाळ्यातली. शेतमालकाला विचारा, तो रिपोर्टपेक्षा नेमकं सांगतो.
- ओलावा काढायला ओव्हन आणि चांगला वजनकाटा.
- स्प्रेडशीट. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि सुरुवातीला तर वापरूच नका.
- दाबता येईल अशी मऊ प्लास्टिकची बाटली, सलाइनची नळी आणि नदीची धुतलेली वाळू. हे कशाला, ते तिसऱ्या पायरीत.

२. तीन राशी पक्क्या करा

पहिली, सरासरी परिणामी दाब, पुस्तकात पी-डॅश. कणांनी कणांना लावलेला दाब म्हणजे परिणामी दाब. एकूण दाबातून पोकळीतल्या पाण्याचा दाब वजा केला की हा मिळतो. हे टर्झागींचं तत्त्व, आणि ते कच्चं असेल तर पुढे वाचू नका, आधी तेच करा.

दुसरी, कातर ताण, म्हणजे क्यू. ट्रायॲक्सियलमध्ये उभ्या आणि आडव्या दाबातला फरक.

तिसरी, व्ही, म्हणजे विशिष्ट घनफळ: एक घनफळ घन कणांनी व्यापलेली एकूण जागा. व्ही = १ + व्हॉइड रेशो (पोकळीचं घनफळ भागिले घन कणांचं घनफळ). माती पूर्ण भिजलेली असेल तर व्हॉइड रेशो म्हणजे ओलावा गुणिले विशिष्ट गुरुत्व. ओलावा ३० टक्के आणि विशिष्ट गुरुत्व २.७ असेल तर व्ही = १ + ०.३० × २.७ = १.८१. म्हणजे भिजलेल्या मातीचा ओलावा मोजला की तिचं घनफळ मोजलंच. साइटवर सगळ्यात स्वस्तात मिळणारी आणि सगळ्यात दुर्लक्षित माहिती हीच आहे.

जुन्या सी-फायच्या हिशेबात ही तिसरी राशी नसतेच. दाब आणि ताकद, बस्स. क्रिटिकल स्टेटवाल्यांनी घनफळाला त्या दोघांच्या पंक्तीला बसवलं.

३. बाटलीचा प्रयोग करून बघा

ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८५ मध्ये दाखवलेली गोष्ट आहे. बाटलीत वाळू आणि पाणी भरा, ठोकून ठोकून वाळू घट्ट बसवा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. झाकणाला भोक पाडून नळी घट्ट बसवा, पाणी नळीत अर्ध्यावर दिसेल इतकं ठेवा. आता बाटली दाबा. पाणी वर चढेल असं वाटतं. ते खाली उतरतं.

घट्ट बसलेल्या कणांना एकमेकांवरून सरकायचं तर आधी चढावं लागतं. चढताना मधली जागा वाढते आणि वाढलेल्या जागेत पाणी ओढलं जातं. याला डायलेशन म्हणतात. हाच प्रयोग वाळू हलक्या हातानं सैल सोडून करा, पाणी वर येईल. बाजारात पायली ठोकून भरली की त्याच मापात जास्त तूर मावते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ठाऊक असतंच. इथे फक्त एवढं जोडायचं की ठोकून भरलेली पायली कातरली तर फुलते आणि सैल भरलेली दबते.

दोन्ही शेवटी एकाच घनफळाला येऊन थांबतात. कॅसाग्रांडे यांनी १९३६ मध्ये वाळूसाठी या घनफळाला क्रिटिकल व्हॉइड रेशो म्हटलं. ते दाबाप्रमाणे बदलतं, म्हणून तो एक आकडा नसून एक रेषा आहे. केंब्रिजच्या रॉस्को, स्कोफिल्ड आणि रॉथ यांनी १९५८ मध्ये चिकणमाती आणि वाळू दोन्हींना एकाच चौकटीत आणलं, ते या रेषेच्या आधारानं.

४. रेषा काढा

दोन समीकरणं पाठ करा:

क्यू = एम × पी-डॅश
व्ही = गॅमा − लॅम्डा × (पी-डॅशचा नैसर्गिक लॉग)

पहिलं ताकद सांगतं. त्यातला एम म्हणजे घर्षण. फाय ३० अंश असेल तर ट्रायॲक्सियल दाबात एम १.२ येतो. दुसरं सांगतं की त्या ताकदीला माती कुठल्या घनफळावर असेल. गॅमा म्हणजे पी-डॅश १ असताना या रेषेवरचं व्ही. लॅम्डा हा दाबाखाली माती किती दबते त्याचा उतार, आणि भार काढल्यावर ती किती परत फुगते त्याचा उतार कप्पा. दोन्ही कन्सॉलिडेशन चाचणीच्या आलेखातून मिळतात.

सापळा: आपल्या लॅबा तो आलेख दहाच्या पायाच्या लॉगवर काढतात आणि उभ्या अक्षावर व्हॉइड रेशो असतो. त्यातला सीसी (त्या आलेखाच्या सरळ भागाचा उतार) २.३ ने भागला की लॅम्डा मिळतो. भागायचं विसरलात तर पुढचं सगळं गणित फसतं, आणि आकडे इतके वेडेवाकडे दिसत नाहीत की लगेच संशय यावा.

हात बसवायला छापील आकडे घ्या. लंडन क्लेचे पुस्तकी आकडे असे: लॅम्डा ०.१६१, कप्पा ०.०६२, गॅमा २.७५९, एम ०.८८८ (म्हणजे फाय सुमारे २३ अंश), दाब किलोपास्कलमध्ये.

५. आपली माती रेषेच्या कुठल्या बाजूला, ते ठरवा

सगळ्या लेखात वेळ द्यायचा तो इथे.

मातीनं पूर्वी कधीतरी सोसलेला सगळ्यात मोठा दाब आणि आजचा दाब यांची तुलना करा. १९६८ मध्ये रॉस्को आणि बर्लंड यांनी मांडलेल्या सुधारित कॅम-क्ले मॉडेलमध्ये (क्रिटिकल स्टेटवर उभं केलेलं मातीच्या वागणुकीचं गणित) क्रिटिकल बिंदू बरोबर निम्म्यावर पडतो. म्हणजे आजचा दाब पूर्वीच्या कमाल दाबाच्या निम्म्याहून जास्त असेल तर माती 'ओल्या' बाजूला. कातरली की दबते, पाणी बाहेर टाकते, हळूहळू घट्ट होत शेवटच्या ताकदीला पोचते. निम्म्याहून कमी असेल तर 'सुक्या' बाजूला. आधी शिखर गाठते, मग फुलते, पाणी ओढून घेते आणि मऊ होत खाली येते.

सापळा: या नावांवरून माती भिजलेली की कोरडी असा अर्थ काढू नका. दोन्हीकडे ती पूर्ण भिजलेलीच धरली आहे. रेषेपेक्षा जास्त पाणी मावलंय की कमी, इतकाच प्रश्न.

आता आपल्याकडचं बघा. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या मातीवर कधी डोंगर नव्हता की हिमनदी नव्हती, मग तिनं जास्त दाब सोसला कुठे? तर उन्हाळ्यात. माती वाळते तसं पोकळीतलं उरलेलं पाणी कणांना आतून ओढून धरतं, आणि ही ओढ वरून ठेवलेल्या भारासारखीच माती आवळते. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये वरच्या थरावर असा न ठेवलेला भार पडतो. म्हणून वरचा मीटर-दीड मीटर, भेगा पडणारा थर, सुक्या बाजूला असतो, आणि त्याखालची बारमाही ओली माती बऱ्याचदा रेषेच्या कितीतरी जवळ असते. खोदताना हातालाही कळतं: वरचं ढेकूळ कोन धरून फुटतं, खालचं फावड्याला चिकटून येतं. एकाच खड्ड्यातले दोन नमुने, वागणूक वेगवेगळी. दोन्ही एकत्र कालवून एक चाचणी करणारे पाहिलेत. तो रिपोर्ट कशाचाच नसतो.

भंडारा-गोंदियाकडे कामाला असाल तर कन्हार, मोरांड, सिहार या मातींचा तोच हिशेब प्रत्येकीला वेगळा करा. धानाच्या बांधीत चिखलणी केलेला थर तर मुद्दाम सैल करून ठेवलेला असतो. तो ओल्या बाजूलाच.

६. पाण्याला निघायला वेळ आहे का, ते बघा

वाळूत पाणी लगेच सरकतं, त्यामुळे घनफळ बदलायला मोकळीक असते. चिकणमातीत पाणी महिनोन्‌महिने हलत नाही. भार पटकन आला तर घनफळ बदलूच शकत नाही, मग बदलतो तो पाण्याचा दाब. ओल्या बाजूच्या मातीला दबायचं असतं, दबता येत नाही, म्हणून पाण्याचा दाब वाढतो आणि परिणामी दाब घटतो. सुक्या बाजूच्या मातीला फुलायचं असतं, म्हणून पाण्याचा दाब घटतो आणि ती तात्पुरती उसनी ताकद दाखवते.

घनफळ बांधलेलं असलं की ताकद ओलाव्यावरूनच ठरते. लंडन क्लेचे आकडे घ्या. ओलावा ३० टक्के, व्ही १.८१. दुसऱ्या समीकरणातून पी-डॅश सुमारे ३६३ किलोपास्कल, क्यू सुमारे ३२२, आणि निचरा न होता मिळणारी कातर ताकद त्याच्या निम्मी, १६१. आता ओलावा ३२ टक्के करा. व्ही १.८६४, पी-डॅश सुमारे २६०, क्यू २३१, ताकद ११५. फक्त दोन टक्के पाण्यानं ताकद २८ टक्क्यांहून जास्त उतरली. हे गणित स्वतः एकदा स्प्रेडशीटवर करा. ओलाव्याचा नमुना उन्हात उघडा ठेवणाऱ्या मदतनिसावर आपण का ओरडतो, ते मग समजतं.

७. कामाप्रमाणे धोका कधी आहे ते लिहून काढा

भराव, बांध, पाळ: खालची माती ओल्या बाजूची असेल तर सगळ्यात वाईट दिवस भराव पूर्ण होतो तो. त्यानंतर पाणी निघत जातं आणि माती सुधारत जाते. म्हणून मऊ मातीवर टप्प्यानं चढा. पाऊस तोंडावर आलाय म्हणून दोन टप्पे एकात उरकायची घाई ठेकेदाराला असतेच. तेव्हा अडून बसायचं काम तुमचं.

खोदकाम, कॅनॉलचा कट: इथे उलटं. खोदल्यावर भार कमी होतो, माती फुगू पाहते, पाण्याचा दाब खाली जातो आणि ताजा कट ताठ उभा राहतो. सगळे खूश. मग वर्षं जातात, माती पाणी ओढत राहते आणि ताकद उतरत जाते. लंडन क्लेमधले रेल्वेचे कट काही दशकांनी ढासळले, आणि त्यामागचं हे कारण स्केम्पटन यांनी १९७७ मध्ये सविस्तर मांडलं. नव्या कटावर उभं राहून 'बघा, कसा उभा आहे' म्हणणाऱ्याला हे सांगा. डिझाइन लांब पल्ल्याच्या परिणामी ताकदीवर करा.

तलावातून अचानक उपसा: माजी मालगुजारी तलावाची मातीची पाळ पाण्यानं भिजून बसलेली असते आणि समोरचं पाणी तिला टेकू देत असतं. पाणी झपाट्यानं काढलं की टेकू जातो, आतलं पाणी मात्र तसंच राहतं. पाण्याकडचा उतार घसरतो तो या वेळी. उपसा सावकाश करा, एवढं एक वाक्य आदेशात असलं तरी पुष्कळ.

सैल राख आणि सैल वाळू: औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यात पाण्याबरोबर येऊन बसलेली राख रेषेच्या बरीच वर असू शकते. अशा सैल, भिजलेल्या कणांना धक्का बसला तर पाण्याचा दाब इतका चढतो की सगळं द्रवासारखं वाहू लागतं. त्यावर बांध वाढवायचं काम आलं तर हा लेख पुरेसा नाही. अनुभवी माणूस बोलवा.

८. सिद्धांत कुठे लंगडा पडतो

डायलेशन आणि काळ्या मातीचं फुगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डायलेशन कण एकमेकांवर चढल्यानं होतं, त्यासाठी कातरावं लागतं. काळी माती फुगते ती मॉन्टमोरिलोनाइट या तिच्यातल्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरल्यानं. भार नसतानाही फुगते. कॅम-क्ले हे सांगत नाही. त्यासाठी फ्री स्वेल चाचणी करा: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये, २४ तास. रॉकेलमधली गपगार बसते आणि पाण्यातली डोळ्यांदेखत चढते, हे बघितलं की दोन्हीतला फरक पुन्हा कुणाला समजावावा लागत नाही. कॅनॉलच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर देतात तो यासाठी. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांच्या कामातून ती पद्धत रुजली आणि आयएस ९४५१ मध्ये तिचं मार्गदर्शन आहे.

दुसरं, हा सिद्धांत भिजलेल्या, एकजीव मातीचा आहे. उन्हाळ्यातली भेगाळलेली माती ना भिजलेली, ना एकजीव. भेगेतून पहिल्या पावसाचं पाणी थेट खाली उतरतं आणि मधली ढेकळं कोरडीच राहतात. अशा वेळी तुमची सुंदर रेषा बाजूला ठेवा.

तिसरं, जुनी घसरण. चिकणमातीत एकदा घसरणीचा पृष्ठ तयार झाला की चपटे कण त्या दिशेनं आडवे होतात आणि घर्षण क्रिटिकलच्याही खाली जातं. मॉन्टमोरिलोनाइटबहुल मातीत हा शेष कोन दहा अंशांखालीही उतरतो. उतारावर गुळगुळीत, चकाकणारी सरक दिसली की तिथे क्रिटिकलचा फाय वापरू नका.

९. लॅबला काय सांगायचं

नुसतं 'सी-फाय काढून द्या' म्हटलं की बहुधा डायरेक्ट शिअर (पेटीत नमुना आडवा कातरायची चाचणी) होते, मिनिटाला १.२५ मिलिमीटर वेगानं. वाळूला ठीक. चिकणमातीत या वेगाला निचरा पूर्ण होत नाही आणि पूर्ण अडवलेलाही नसतो. पोअर प्रेशर मोजायची सोय तर त्या पेटीत नाहीच. आलेला आकडा कुठल्याच अवस्थेचा नसतो. पोअर प्रेशरसह ट्रायॲक्सियल मागा. जिल्ह्याच्या ठिकाणी सोय नसेल तर नागपूर-अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांकडे चौकशी करा.

दाब कामाच्या मापाचे मागा. तीन मीटर भिजलेल्या मातीखाली परिणामी उभा दाब जेमतेम २५ किलोपास्कल असतो, आणि चाचणी होते १००, २००, ३०० वर. सुक्या बाजूच्या मातीचं शिखर कमी दाबाला वाकतं. वरच्या तीन बिंदूंतून सरळ रेघ मागे ओढली की अक्षावर ऐटदार 'सी' उगवतो. चार मीटरच्या उतारात अख्खा भरवसा त्या सीवरच असतो. स्कोफिल्ड तर हेच सांगत राहिले, की कालवलेल्या मातीचा हा चिकटपणा मुळात घट्ट बसलेल्या कणांच्या अडकण्याचा परिणाम आहे. मी उताराला सी शून्य आणि क्रिटिकलचा फाय धरून आधी हिशेब करतो. त्यात बसलं नाही तरच बाकीचं वाद घालायला घेतो.

नमुना कातरून झाल्यावरचा ओलावा रिपोर्टात लिहायला सांगा. फुकटात मिळणारा क्रिटिकल रेषेवरचा बिंदू असतो तो, आणि विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

चाचणीला पैसेच नसतील, आणि ग्रामपंचायतीच्या कामात बहुधा नसतात, तर द्रवसीमा आणि प्लास्टिक सीमा तरी काढा. या दोन सीमांच्या दरम्यान मातीची ताकद साधारण शंभरपट बदलते, आणि शंभरचा नैसर्गिक लॉग ४.६. म्हणून लॅम्डा = विशिष्ट गुरुत्व × प्लास्टिसिटी इंडेक्स (या दोन सीमांतला फरक) ÷ ४.६. इंडेक्स ३० टक्के आला तर २.७ × ०.३० ÷ ४.६, म्हणजे ०.१७६. या मातीत दोन टक्के ओलावा वाढला की ताकद सुमारे २६ टक्क्यांनी उतरणार. पोळ्याच्या सुमाराला पाणी जिथवर येतं त्या पातळीखालच्या मातीसाठी हा अंदाज वापरा. वरच्या भेगाळ थराला लावू नका.